रक्तातल्या फिरत्या कर्कपेशी: आपल्याकडच्या लॅबमध्ये मोजायच्या तर कशा?

तेरणा
नमस्कार मंडळी. तोंडाच्या कर्करोगाच्या पेशंटच्या रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशी, म्हणजे सीटीसी, यावर प्रस्ताव लिहायला घेतलाय. लॅब लातूरला. तीस पेशंट धरलेत, लातूर, अंबाजोगाई आणि नांदेडचे. हाताशी थंड सेंट्रिफ्यूज, बायोसेफ्टी कॅबिनेट, निळा-हिरवा-लाल असे तीन फिल्टर असलेला फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आणि उणे ८०चा फ्रीझर आहे. तयार मशीन घेण्याइतका निधी नाही. पद्धत कोणती धरावी, रक्त किती घ्यावं, गाडीतून कसं आणावं आणि शेवटी दिसलेली पेशी कर्कपेशीच आहे हे कशावरून म्हणावं? जाणकारांनी सविस्तर लिहावं. नुसत्या पेपरच्या लिंका नकोत.

देवगिरी
ताई, आधी आकडे समोर ठेवा, मग पद्धतीचं बोलू. १ मिली रक्तात लाल पेशी सुमारे ५०० कोटी आणि पांढऱ्या ४० लाख ते १ कोटी १० लाख. रोग शरीरभर पसरलेल्या पेशंटमध्येसुद्धा तेवढ्याच रक्तात सीटीसी बहुधा एक-दोन, कधी दहा आणि बऱ्याचदा शून्य. तुमच्या पद्धतीनं ९९.९९ टक्के पांढऱ्या पेशी काढून टाकल्या, तरी ५ मिली रक्तामागे काही हजार पांढऱ्या पेशी स्लाइडवर उरतातच. सगळी कटकट त्या उरलेल्यांची असते.

या पेशी पहिल्यांदा पाहिल्या त्या ऑस्ट्रेलियातल्या थॉमस ॲशवर्थ यांनी, १८६९ साली. कर्करोगानं मेलेल्या माणसाच्या रक्तात त्यांना गाठीतल्यासारख्याच पेशी दिसल्या. पुढे १८८९ साली स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या ७३५ मृत रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि बी कुठेही पडलं तरी मानवेल त्याच जमिनीत उगवतं, असं मांडलं. सीटीसी म्हणजे ते वाऱ्यावरचं बी. बहुतेक सगळं वाया जातं.

वाया का जातं, हे नीट समजून घ्या, कारण नमुना हाताळताना तीच कारणं तुमच्याही आड येतात. एपिथेलियल पेशीला, म्हणजे त्वचेच्या किंवा तोंडा-आतड्याच्या अस्तराच्या पेशीला, आधाराचा पृष्ठभाग लागतो. तो सुटला की ती आत्मघाताच्या वाटेला लागते. रक्तप्रवाहाचा ताण तिला फाडतो, नॅचरल किलर पेशी टिपतात. पेशी १२ ते २५ मायक्रोनची आणि केशवाहिनी साधारण ८ मायक्रोनची, त्यामुळे पहिल्याच बारीक जाळ्यात ती अडकते. स्तनाच्या कर्करोगात सीटीसीचं रक्तातलं अर्धायुष्य १ ते २.४ तास निघालं आहे. म्हणजे तुम्ही सुई घालता त्या घडीला गाठ जे सोडतेय तेच मोजता. महिन्याचा साठा मोजत नाही.

आणखी एक. तोंडाचा कर्करोग आधी लसिकेच्या वाटेनं मानेतल्या गाठींत जातो, रक्ताच्या वाटेनं फुप्फुसात जाणं हे बहुधा नंतरचं. स्तन, प्रोस्टेट आणि आतड्याच्या कर्करोगातले आकडे उचलून इथे लावलेत, तर प्रस्ताव पहिल्याच समीक्षकाकडून परत येईल.

बिंदुसरा
पद्धतीबद्दल लिहितो. मुळात तीन वाटा आहेत.

पहिली ईपीकॅमची. एपिथेलियल पेशीच्या पृष्ठभागावर ईपीकॅम नावाचं प्रथिन असतं. त्याची अँटिबॉडी चुंबकीय कणांवर बसवायची आणि पेशी ओढून काढायची. सेलसर्च मशीन याच तत्त्वावर चालतं. ७.५ मिली रक्त घेतं. अमेरिकेच्या एफडीएनं २००४ साली पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी आणि नंतर प्रोस्टेट व मोठ्या आतड्यासाठी त्याला मान्यता दिली. स्तन आणि प्रोस्टेटला ५ किंवा जास्त पेशी, आतड्याला ३ किंवा जास्त, म्हणजे पुढची वाट बिकट. तोंडाच्या कर्करोगाला ही मान्यता नाही. पुण्यात तयार झालेली ऑन्कोडिस्कव्हर ही चाचणीही ईपीकॅमवरच चालते. अडचण अशी की पसरायच्या तयारीतली पेशी एपिथेलियल गुण टाकून मेझेन्कायमल, म्हणजे सुटी फिरणारी, बनू लागते. ईपीकॅम घटतं, व्हिमेंटिन हे मेझेन्कायमल प्रथिन वाढतं. जी पेशी सगळ्यात धोकादायक, तीच चुंबकातून निसटते. तोंडाचा कर्करोग ज्या चपट्या अस्तर-पेशींतून बहुधा उठतो, त्या स्क्वॅमस पेशींत ईपीकॅमचं प्रमाण तसंही पेशंटगणिक बदलतं.

दुसरी वाट उलटी: पांढऱ्या पेशी त्यांच्यावरच्या सीडी४५ या प्रथिनाच्या अँटिबॉडीनं काढून टाकायच्या आणि उरेल त्यात शोधायचं. पेशी जिवंत राहतात, कोणत्याही मार्करची अट नाही. पण अँटिबॉडी खूप लागते आणि गाळ भरपूर उरतो.

तिसरी आकाराची. ८ मायक्रोन छिद्रांचा पॉलिकार्बोनेट पडदा लावून गाळायचं. आयसेट पद्धत ही. पार्सॉर्टिक्स मशीनही आकारावरच चालतं, त्यातली फट ६.५ मायक्रोनची असते. त्याला एफडीएनं २०२२ साली पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगासाठी परवानगी दिली. लहान सीटीसी आणि जास्त लवचीक सीटीसी छिद्रातून जातात, हा तोटा. पण तोंडाच्या स्क्वॅमस पेशी मोठ्या असतात, पेशींचे पुंजके पडद्यावर चांगले टिकतात आणि सेंट्रिफ्यूजची गरज जवळपास संपते. वीज ये-जा करते तिथे ही लहान गोष्ट नाही. तुमच्या लॅबला मी पडदाच सुचवेन.

मांजरा
रक्त काढणं आणि आणणं यावर. निम्मे नमुने इथेच बाद होतात, पण प्रस्तावात यावर दोन ओळीच असतात.

सुई २१ गेजची. पहिलं २ ते ३ मिली रक्त वेगळ्या नळीत घ्या आणि हिमोग्रॅमला पाठवा. ते सीटीसीसाठी वापरायचं नाही, कारण सुई त्वचेतून जाताना त्वचेच्या एपिथेलियल पेशी सोबत आणते. त्या सायटोकेरॅटिन या एपिथेलियल प्रथिनाच्या रंगाला चमकतात आणि तुम्हाला खोटी सीटीसी मिळते. हा एकच नियम पाळला नाही तर पुढचं सगळं काम पाण्यात. नंतरची नळी ईडीटीएची, म्हणजे रक्त गोठू न देणारी. ती ८ ते १० वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची, गदागदा हलवायची नाही. नीट मिसळली नाही तर बारीक गुठळ्या होतात आणि पडदा तुंबतो. सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढला तर लाल पेशी फुटतात.

ईडीटीएतलं रक्त ४ तासांच्या आत प्रक्रियेला लागलं पाहिजे. लातूरचे आणि अंबाजोगाईचे पेशंट यात बसतात. नांदेडचं गणित वेळेवर अवलंबून. सकाळी काढलं आणि लगेच गाडी निघाली तर जमेल, ओपीडी संपेपर्यंत नळी टेबलावर राहिली तर नाही. पेशी टिकवणाऱ्या सेलसेव्ह नळीत ९६ तास चालतं, पण ते १५ ते ३० अंश तापमानात. एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डिकीत ५० अंशांच्या आसपास तापतं, हे लक्षात घ्या. थर्मोकोलच्या पेटीत २० ते २२ अंशांवर आणलेले जेल पॅक ठेवा, गोठवलेले नको. बर्फ तर अजिबात नको, थंडीनं प्लेटलेट उत्तेजित होऊन चिकटतात. पेटीत तापमान नोंदवणारा छोटा लॉगर टाका आणि त्याचा आलेख प्रत्येक नमुन्याच्या नोंदीला जोडा. ३० अंशांच्या वर गेलेला नमुना मोजायचा नाही, हे आधीच लिहून ठेवा. आकडा पाहिल्यावर ठरवलं तर ती लबाडी होते.

दोन नळ्यांचे आकडे एकमेकांत मिसळू नका. टिकवणाऱ्या नळीत पेशी थोड्या कडक होतात आणि पडद्यावर वेगळ्या वागतात. सगळ्या पेशंटना एकच नळी.

वेळेची नोंदही हवी. बायोप्सी कधी झाली, केमो-रेडिएशन कधी, ऑपरेशन कधी. गाठ दाबली-चिरली की पेशी रक्तात सुटू शकतात. आपल्याकडे पेशंट बहुधा तालुक्याला बायोप्सी करूनच येतो, म्हणून ‘बायोप्सीआधी’ अशी अट घालून तीस पेशंट मिळणार नाहीत. ‘बायोप्सीनंतर किती दिवस’ हा रकाना ठेवा.

तेरणा
पडदा नक्की करते. आता कृती हवी, प्रमाणासकट. ग्रेडियंटनं आधी लाल पेशी काढून मग गाळायचं का?

बिंदुसरा
ग्रेडियंट नको. १.०७७ घनतेच्या द्रावणावर रक्त चढवून ४०० जी (गुरुत्वाच्या ४०० पट), ३० मिनिटं, ब्रेक न लावता फिरवणं ही पद्धत पांढऱ्या पेशींसाठी उत्तम. पण पेशींचे पुंजके आणि जड सीटीसी त्यात तळाला लाल पेशींसोबत जाऊन बसतात. शिवाय त्या द्रावणाची घनता २० अंशांना दिलेली असते. उन्हाळ्यात ३५ अंशांच्या खोलीत घनता कमी होते आणि थर भलतीकडे बसतो. एका नळीतून दुसऱ्या नळीत जेवढ्या वेळा ओताल, तेवढ्या वेळा पेशी भिंतीला चिकटून जातील.

सरळ गाळा. १०० मिली बफर असा: पीबीएसमध्ये (मीठ-फॉस्फेटचं द्रावण) सॅपोनिन ०.२ ग्रॅम, ईडीटीए ३७ मिलीग्रॅम, बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन) १०० मिलीग्रॅम आणि १६ टक्क्यांचं पॅराफॉर्मल्डिहाइड १.२५ मिली, म्हणजे अंतिम प्रमाण ०.२ टक्के. पॅराफॉर्मल्डिहाइड त्याच दिवशी घाला, जुनं बफर वापरू नका. सॅपोनिन लाल पेशी फोडतं आणि पॅराफॉर्मल्डिहाइड मोठ्या पेशींना हलकी कडकी आणतं, म्हणून त्या छिद्रातून सरकत नाहीत.

३ मिली रक्त, २७ मिली बफर, खोलीच्या तापमानाला १० मिनिटं. नळी आधी १ टक्का बीएसएनं ओली करून घेतलेली. मिश्रण पारदर्शक, गडद लाल झालं पाहिजे. गढूळ राहिलं तर लाल पेशी फुटल्या नाहीत. तसं दिसलं तर सॅपोनिन जुनं आहे का ते आधी बघा. १० मिनिटांच्या पुढे ताणू नका, पांढऱ्या पेशीही कडक होऊन पडद्यावर गर्दी करतात आणि अँटिबॉडीची जागाही झाकली जाते.

मग २५ मिलीमीटरचा पडदा होल्डरमध्ये बसवून निव्वळ गुरुत्वानं गाळा. अंगठ्यानं दट्ट्या दाबू नका. दाब वाढला की सीटीसी लांबट होऊन छिद्रातून निघून जाते, आणि ती गेली हे कळतही नाही. घाई असेल तर सिरिंज पंपावर मिनिटाला १ मिलीच्या आत. थेंब मध्येच थांबले तर पडदा तुंबला. तेव्हा दाब वाढवून पुढे रेटू नका, तो नमुना ‘तुंबला’ म्हणून नोंदवा. शेवटी १० मिली पीबीएस ओतून पडदा धुवा.

रंगवणं: ०.१ टक्का ट्रायटन १० मिनिटं, मग अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून ३ टक्के बीएसए आणि एफसी ब्लॉक ३० मिनिटं. त्यानंतर सायटोकेरॅटिन आणि सीडी४५ च्या अँटिबॉडी एक तास, पडद्यावर २०० ते ३०० मायक्रोलिटर. पाच-पाच मिनिटांचे तीन धुण्याचे फेरे आणि केंद्रक निळं दाखवणारं डॅपी १ मायक्रोग्रॅम प्रति मिली ५ मिनिटं. हे सगळं ओल्या डब्यात. आपल्याकडच्या कोरड्या हवेत डब्यात ओला टिश्यू नसेल तर पडद्याची कड अर्ध्या तासात वाळते. वाळलेल्या कडेवर सगळंच चमकतं. त्या कडेवरच्या पेशी मोजणीत धरायच्या नाहीत.

देवगिरी
रंग कुठल्या फिल्टरला द्यायचा यावर दोन शब्द. तुमच्याकडे तीनच फिल्टर आहेत. इओसिनोफिलसारख्या पांढऱ्या पेशी हिरव्यात आपोआप चमकतात, पॉलिकार्बोनेटसुद्धा निळ्या-हिरव्यात थोडं चमकतं. म्हणून हिरवा सीडी४५ ला द्या आणि सायटोकेरॅटिन लालवर ठेवा. इओसिनोफिल आपोआप चमकली तर ती सीडी४५ पॉझिटिव्ह वाटेल आणि बाद होईल. उलटं केलंत तर तीच पेशी सीटीसी म्हणून मोजली जाईल. शक्य असेल तर काळा पडदा मागवा.

मायक्रोस्कोपचा दिवा मर्क्युरीचा असेल तर वीज गेल्या-गेल्या पुन्हा पेटवू नका. अर्धा तास थंड होऊ द्यायचा. यूपीएस मायक्रोस्कोपला आधी द्या, सेंट्रिफ्यूजला नंतर.

पूर्णा
मुख्य प्रश्न राहिलाच की. चमकली म्हणजे सीटीसी झाली का? निरोगी माणसाच्या रक्तात अशा पेशी दिसल्या तर काय म्हणायचं?

देवगिरी
सेलसर्चचे निकष पाया धरा: केंद्रक हवं, सायटोकेरॅटिन हवं, सीडी४५ नको, आकार किमान ४ बाय ४ मायक्रोन. पडद्यासाठी मी वरून एवढं घालतो. केंद्रक सायटोकेरॅटिनच्या कड्याच्या आत असावं. शेजारी पडलेल्या दोन पेशींचे रंग एकमेकांवर चढलेले नसावेत. सायटोकेरॅटिन तंतूंसारखं किंवा कड्यासारखं दिसावं. नुसता सपाट लाल ठिपका म्हणजे बहुधा रंगाची गुठळी.

गोंधळात पाडणारे नेहमीचे सोंगाडे चार. मेगाकॅरिओसाइटचं नागडं केंद्रक: मोठं, अनेक पाळ्यांचं, सीडी४५ ला फिकं. पडद्यावर हमखास अडकतं. शंका असेल तर सीडी६१ लावून पाहा. दुसरी, सुईनं खरवडलेली रक्तवाहिनीच्या अस्तराची पेशी. ती सीडी३१ ला चमकते. तिसरी, मरणारी पांढरी पेशी. सगळ्या अँटिबॉडी तिला चिकटतात, म्हणून ती दोन्ही रंगांत उजळते. ती बाद. चौथी, त्वचेची पेशी, जिचं मांजरा यांनी सांगितलंच.

आणि कर्करोग नसतानाही एपिथेलियल पेशी रक्तात सापडतात. आतड्याच्या दाहाच्या सौम्य आजारांत त्या नोंदल्या आहेत. म्हणून तुलनेचा गट वीस वर्षांच्या कॉलेजच्या पोरांचा घेऊ नका. तंबाखू, गुटखा, मिशरी खाणारे, तोंडात पांढरा चट्टा किंवा तोंड उघडायला त्रास असलेले, पण कर्करोग नसलेले, साधारण त्याच वयाचे लोक घ्या. त्यांच्यात जेवढ्या पेशी दिसतील, ती तुमची खालची रेषा.

स्लाइड दोघांनी स्वतंत्र वाचायच्या. पेशंट कोण, निरोगी कोण हे दोघांनाही माहीत नको. प्रत्येक मोजलेल्या पेशीचे तिन्ही फिल्टरचे फोटो साठवा.

दुधना
आकडेशास्त्राकडून थोडं, कारण इथेच लोक फसतात. पेशी रक्तात विरळ विखुरलेल्या असतात, म्हणून नळीत किती येतील ते पॉइसन वितरण ठरवतं. पेशंटच्या ७.५ मिलीमागे खरी सरासरी २ पेशी असली, तरी १३.५ टक्के नळ्या रिकाम्या येणार. तुमची पकड, म्हणजे असलेल्या पेशींपैकी हाती लागणाऱ्यांचं प्रमाण, ७० टक्के असेल तर सरासरी १.४ होते आणि जवळपास २५ टक्के नळ्या रिकाम्या येतात. पद्धत निर्दोष असली तरी.

तसंच ५ च्या रेषेचं. ज्याची खरी सरासरी नेमकी ५ आहे त्याचा नमुना ४४ टक्के वेळा ५ च्या खाली येईल. मग ‘केमोआधी ६, नंतर ४, म्हणजे औषध लागू पडलं’ असं लिहायचं का? नाही. ३ मिली रक्तात तर हे सगळं आणखी वाईट, म्हणून मी ३ मिलीचे तीन पडदे, म्हणजे ९ मिली घेण्याच्या बाजूचा.

पेशंटच्या रक्ताला हात लावण्याआधी पकड मोजा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडून (एनसीसीएस) लॅबमध्ये वाढवलेल्या कर्कपेशींची वाणं मिळतात. एमसीएफ-७ ईपीकॅमनं भरलेली, एमडीए-एमबी-२३१ मध्ये ते कमी. तोंडासाठी जिभेच्या कर्करोगापासून बनवलेलं एडब्ल्यू१३५१६ हे वाण मिळालं तर सोन्याहून पिवळं. पेशी आधी हिरव्या रंगानं रंगवा, जिवंतपणा ९५ टक्क्यांच्या वर आहे का बघा आणि निरोगी रक्तात ५०, २०, ५ आणि ० अशा टाका. ५ आणि २० साठी पातळ द्रावणातून पिपेटनं अंदाजे घ्यायच्या नाहीत, तिथेही पॉइसन बसलेला आहे. मायक्रोस्कोपखाली एकेक मोजून उचला. शून्याच्या नळ्या सगळ्यात महत्त्वाच्या आणि लोक त्याच वगळतात. ५० मधल्या ३० सुद्धा परत मिळत नसतील तर पेशंटकडे जाऊ नका. आधी गळती कुठे आहे ते शोधा.

लक्षात असू द्या, वाणातल्या पेशी पेशंटच्या पेशींपेक्षा मोठ्या आणि धट्ट्याकट्ट्या असतात. तिथली ८० टक्के पकड पेशंटमध्ये ८० नसते.

पूर्णा
पुंजक्यांचं काय? बिंदुसरा सरांनी नुसता उल्लेख केला.

बिंदुसरा
पसरण्याच्या दृष्टीनं तोच सगळ्यात रसाचा भाग आहे. २०१४ साली निकोला आचेतो आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की एकट्या सीटीसीपेक्षा पुंजक्यांची नवी गाठ रुजवण्याची ताकद २३ ते ५० पट जास्त असते. पुंजके रक्तात पेशी एकत्र येऊन बनत नाहीत, मूळ गाठीपासूनच जोडीनं सुटतात. पेशींना जोडणारं प्लाकोग्लोबिन कमी केलं की पुंजके घटतात. केशवाहिनीत अडकतील असं वाटतं, पण २०१६ च्या प्रयोगांत वीस पेशींपर्यंतचे पुंजके ५ ते १० मायक्रोनच्या वाटेतून एकामागे एक अशी रांग करून पलीकडे गेले. पुढे २०१९ साली न्यूट्रोफिलला चिकटून फिरणाऱ्या सीटीसीही दाखवल्या गेल्या. ती सोबत असली की सीटीसी जास्त वेगानं वाढते.

यातून तुमच्या मोजणीला दोन गोष्टी लागू होतात. एक, सीडी४५ पॉझिटिव्ह पेशी शेजारी चिकटली आहे म्हणून सगळा पुंजका बाद करू नका, वेगळ्या रकान्यात नोंदवा. दोन, पुंजके हाताळणीत तुटतात. बारीक टोकाच्या पिपेटनं वर-खाली केलं की एका पुंजक्याच्या चार एकट्या पेशी होतात आणि आकडा वाढतो. मोठ्या तोंडाचं टिप वापरा.

मांजरा
यात वेळेचंही आहे. २०२२ साली स्तनाच्या कर्करोगाच्या ३० स्त्रियांचं रक्त सकाळी १० ला आणि पहाटे ४ ला घेतलं, तर सापडलेल्या सीटीसींपैकी ७८ टक्के पहाटेच्या नमुन्यांत होत्या. तोंडाच्या कर्करोगात तसंच असेल असं गृहीत धरू नका, पण सगळ्यांचं रक्त एकाच वेळेला घ्या. वॉर्डात भरती पेशंटचं सकाळी ७ ला आणि ओपीडीतल्याचं दुपारी १ ला असं केलंत तर फरक रोगाचा की घड्याळाचा हे सांगता येणार नाही.

नवखा_परभणी
वाचतोय सगळं. वर पुंजक्यांचं आलंय म्हणून विचारतो, डिगॉक्सिननं पुंजके फुटून पेशी सुट्या होतात असं ऐकलं. आमच्या काकांना गालाचा कर्करोग आहे. हे औषध विचारावं का? आणि रक्तातली ही चाचणी बाहेरून करून घ्यावी का?

देवगिरी
दादा, डिगॉक्सिन स्वतःहून अजिबात नको. हृदयाचं औषध आहे. उपकारक मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं, नाडी बिघडून जीव जाऊ शकतो. प्रयोग झालाय तो पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या थोड्या रुग्णांवर आणि त्यात पुंजक्यांचा आकार घटला. आयुष्य वाढलं हे त्यातून सिद्ध झालेलं नाही.

चाचणीबद्दल: गालाच्या कर्करोगाचा उपचार बायोप्सी, गालाचं आणि मानेचं स्कॅन, गाठीची खोली आणि मानेतल्या गाठी यांवर ठरतो. सीटीसीच्या आकड्यावर नाही. जिथे या आकड्याचा सगळ्यात जास्त अभ्यास झालाय त्या स्तनाच्या कर्करोगातही, २०१४ साली आलेल्या एका मोठ्या चाचणीत पहिल्या केमोनंतरही सीटीसी जास्त राहिलेल्या स्त्रियांचं औषध लवकर बदलून पाहिलं. आयुष्य वाढलं नाही. आकडा पुढचं भाकीत सांगतो, पण काय करायचं ते सांगत नाही. शून्य आलं म्हणून ऑपरेशन पुढे ढकलू नका. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात काकांचे सगळे कागद घेऊन जा. खर्चासाठी महात्मा फुले योजनेचं तिथल्या काउंटरवरच विचारा.

तेरणा
दादा, कागदांत बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही मागून घ्या. नुसता रिपोर्ट नेला तर पुन्हा बायोप्सी करावी लागू शकते.

सगळ्यांचे आभार. आता प्रश्न कसा बांधावा ते सांगा. ‘सीटीसी आणि टप्पा यांचा संबंध’ असं लिहिलं होतं.

दुधना
फार मोघम. तीस पेशंटमध्ये चार टप्पे, प्रत्येकात सात-आठ माणसं आणि निम्म्यांचे आकडे शून्य. काही सिद्ध होणार नाही. कर्करोगाचे टप्पे ठरवण्याच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीत तोंडासाठी गाठ किती मिलीमीटर आत गेली ते आणि मानेतल्या गाठीचं कवच फोडून रोग बाहेर आला का ते, हे दोन्ही मुद्दे आले. ते दोन्ही ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टात मिळतात. प्रश्न असा ठेवा: कवच फुटलेल्यांच्या रक्तात ऑपरेशनआधी सीटीसी किंवा पुंजके सापडण्याचं प्रमाण न फुटलेल्यांपेक्षा जास्त आहे का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’, म्हणजे एक-दोन पेशींच्या चढउतारावर ते उभं नाही. तीस पेशंटांवर हा प्राथमिक अभ्यासच राहील, तसं स्पष्ट लिहा. पुढची दोन वर्षं कोणाला फुप्फुसात पसरलं ते नोंदवायची सोय आधीच ठेवा. गावाकडचा पेशंट फोन बदलतो, म्हणून दोन नातेवाइकांचे नंबर संमतीसह घ्या.

मांजरा
संमतीपत्र मराठीत आणि वाचून दाखवलेलं हवं. ‘या तपासणीचा निकाल तुमच्या उपचारासाठी दिला जाणार नाही’ हे वाक्य ठळक टाका. एथिक्स कमिटी हेच पहिल्यांदा विचारते. हिपॅटायटिस बीची लस सगळ्यांची झालेली हवी. पॅराफॉर्मल्डिहाइडचं द्रव वेगळ्या डब्यात, बेसिनमध्ये नाही. त्यात हायपोक्लोराइटही मिसळायचं नाही.

आणि एक जादा ईडीटीए नळी घ्या. तिच्यातला प्लाझ्मा १६०० जीला १० मिनिटं, मग वरचं द्रव १६,००० जीला १० मिनिटं असं दोनदा फिरवून उणे ८० ला ठेवा. उद्या गाठीच्या तुटक्या डीएनएचं काम करायचं ठरलं तर हे प्लाझ्माच उपयोगी पडेल. पडद्यावरच्या पेशी फिक्स केल्यामुळे आरएनएला किंवा वाढवायला उपयोगाच्या राहत नाहीत.

तेरणा
पडदे मागवतेय. पाकिटात पांढऱ्या आणि निळ्या अशा दोन चकत्या येतात म्हणे. कुठली लावायची? आणि बाजू कुठली वर?

बिंदुसरा
निळा तो कागद, दोन पडद्यांमधला. तो होल्डरमध्ये बसवून ‘गाळतच नाही’ म्हणणारे दर वर्षी निघतात. पडदा पातळ, पारदर्शक-पांढरट आणि बोथट चिमट्यानं कडेला धरायचा, मधे टोचला तर भोक पडतं. चमकदार बाजू वर, रक्ताकडे. बसवल्यावर आधी ५ मिली पीबीएस सोडून बघा. थेंब सारखे पडले आणि कडेनं गळत नसेल, तरच रक्त ओता.